‘शंभर टक्के मदत थेट आपद्ग्रस्तांना’ या दाव्याबद्दल

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलीकडे एका वाचकांचे पत्र वाचले. आपद्ग्रस्तांसाठी निधी गोळा करणाऱ्या संस्थांनी ऑफिस, पगार आणि कागदपत्रे यांवर एक पैसाही खर्च करू नये, जमलेली सगळी रक्कम थेट आपद्ग्रस्तांच्या हाती पडावी आणि तसे लेखी देणाऱ्या संस्थेलाच लोकांनी देणगी द्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात किंतु नाही. देणगीच्या पैशावर कोणी चैन करताना दिसले की माझ्याही तळपायाची आग मस्तकात जाते. पण नोकरीची बहुतेक वर्षे मी भूकंप, पूर, चक्रीवादळे आणि युद्धे यांत घरदार गमावलेल्या लोकांसाठी चाललेल्या मदतकार्यांत प्रशासन सहायक म्हणून काढली आहेत. याद्या, वेबिले (मालाच्या खेपेसोबत जाणारे कागद), हजेरीपट, रोकडवही, गाड्यांचा फळा आणि बैठकांची इतिवृत्ते हे माझे काम. त्या अनुभवावरून सांगते, पत्रलेखकांची मागणी मान्य झाली तर पहिला फटका बसेल तो आपद्ग्रस्तांनाच, आणि त्यांच्यातही जो सगळ्यांत दुबळा असेल त्याला.

मदत म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो ट्रकवरून पिशव्या देणारा स्वयंसेवक आणि खाली पसरलेले हात. फोटोही त्याचेच निघतात. त्या पिशव्या किती हव्यात, कोणाला हव्यात, त्या या गावी आल्या की पलीकडच्या, आणि काल ज्याला मिळाल्या त्यालाच आज पुन्हा मिळत आहेत का, हे ज्याने आदल्या रात्री बसून जुळवले तो फोटोत नसतो. त्याचा पगार हिशेबात ‘आस्थापना खर्च’ या मथळ्याखाली जातो, आणि हा मथळा दिसला की देणगीदाराच्या कपाळाला आठी पडते.

यादीपासून सुरुवात करते, कारण काम तिथूनच सुरू होते. मदतकार्यात ‘स्फिअर’ नावाची मानके जगभर वापरली जातात. 1994 च्या रवांडा नरसंहारानंतर निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा आणि हगवणीने हजारो माणसे दगावली, तेव्हा मदत संस्थांना स्वतःच्या कामाकडे कठोरपणे पाहावे लागले आणि 1997 साली ही मानके ठरवायला सुरुवात झाली. दर माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, छताखाली दर माणशी किमान 3.5 चौरस मीटर जागा, 20 माणसांमागे एक शौचालय. सार्वजनिक ठिकाणी बायकांसाठीची शौचालये पुरुषांच्या तिप्पट. यातला प्रत्येक आकडा माणसांच्या संख्येने गुणायचा असतो. समजा, छावणीत 6,000 लोक आहेत. म्हणजे रोज 90,000 लिटर पाणी आणि 300 शौचालये लागणार. रात्रीतून आणखी 1,500 लोक आले आणि त्यांची नोंदच झाली नाही, तर सकाळी 22,500 लिटर पाणी कमी पडते. टँकरवाल्याने कामचुकारपणा केलेला नसतो, इंजिनियरचे गणितही बरोबरच असते. फाटकापाशी वही घेऊन बसायला कोणी नव्हते, एवढेच झालेले असते. त्या पाण्यासाठी मग भांडणे होतात, आणि रांगेत मागे ढकलली जातात ती म्हातारी माणसे आणि पोरे.

त्यातून यादी करणे म्हणजे नावे उतरवून घेणे, इतके ते सोपे नाही. एका छावणीत एकाच नावाच्या दोन बायका होत्या. त्यांच्या नवऱ्यांची नावेही एकच. कॉम्प्युटरवर यादी लावून पाहणाऱ्याला ती दुबार नोंद वाटली आणि एक नाव कापले गेले. वाटपाच्या दिवशी दोघी रांगेत. पहिलीला पिशवी मिळाली, दुसरीला ‘तुमचे झाले’ म्हणून बाजूला काढले. ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. टेबलावर त्याच भागातली, आठ-दहा दिवसांपूर्वी कामावर घेतलेली एक मुलगी बसली होती. तिने त्या बाईला आईचे नाव विचारले, मुले किती, तंबू कोणत्या रांगेत, हेही विचारले आणि यादीच्या समासात दुसरी ओळ लिहून माझ्यासमोर धरली. त्या दिवसापासून आमच्या नोंदणीच्या तक्त्यात आईच्या नावाचा रकाना आला. त्या मुलीने छावणीतल्या किती घरांचे धान्य वाचवले याचा हिशेब कुठल्याही अहवालात नाही. पगारपत्रकात मात्र ती आस्थापना खर्चातच होती.

ज्यांचे नवरे बेपत्ता आहेत त्या बायकांची अवस्था तर फार कठीण असते. नवरा मेल्याचा दाखला नाही, तो जिवंत असल्याचा पत्ता नाही, आणि मदतीचे कार्ड कुटुंबप्रमुखाच्या नावाने. ‘कुटुंबप्रमुखाला घेऊन या’ असे सांगून तिला परत पाठवणारा माणूस दुष्टच असतो असे नाही, त्याच्यापुढच्या कागदावर तिच्यासाठी जागाच नसते. ती जागा तयार करणे हे कारकुनी काम आहे. प्रत्यक्ष जी बाई घर चालवते तिच्या नावाने कार्ड काढायचे, नवऱ्याच्या नावापुढे ‘बेपत्ता’ अशी वेगळी खूण करायची, आणि ती खूण बेपत्तांचा शोध घेणाऱ्या विभागापर्यंत पोहोचवायची. त्यासाठी तक्त्याचा मसुदा बदलावा लागतो, तो नव्याने छापावा लागतो, टेबलावरच्या प्रत्येकाला समजावून सांगावा लागतो. या प्रत्येक पायरीला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो.

बेपत्तांचा शोध तर सबंधच कारकुनीवर उभा आहे. पहिले महायुद्ध पेटल्यावर 1914 साली आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने जिनिव्हात युद्धकैद्यांची माहिती जमवणारे केंद्र उघडले. सैनिकांच्या घरून पत्रे येत, दोन्ही बाजूंच्या सरकारांकडून कैद्यांच्या याद्या येत, आणि ती माहिती हाताने कार्डांवर उतरवून एकमेकांशी ताडून पाहिली जाई. हे काम करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. युद्ध संपेपर्यंत सुमारे 70 लाख कार्डे जमली. कोणा आईला ‘तुमचा मुलगा अमुक छावणीत जिवंत आहे’ असे पत्र गेले, ते अशा एखाद्या कार्डाला दुसरे कार्ड जुळले म्हणून. आजही भूकंप किंवा युद्धानंतर ताटातूट झालेल्या मुलांना आईबापांपर्यंत नेताना मूळ रीत तीच आहे, फक्त कार्डांच्या जागी कॉम्प्युटर आला. नाव लिहिताना एक अक्षर चुकले तर मूल सापडत नाही.

आता गोदामाकडे येते. ‘ऑफिसवर पैसा नको, माल पाठवा’ असे म्हणणाऱ्यांना मी आर्मेनियाची गोष्ट नेहमी सांगते. डिसेंबर 1988 मध्ये तिथे मोठा भूकंप झाला. जगभरातून औषधांचा लोंढा आला, सुमारे 5,000 टन औषधे आणि वैद्यकीय सामान. नेमके काय आले आहे हे कळायलाच 50 माणसांना सहा महिने लागले. त्यातला 8 टक्के माल पोहोचला तेव्हाच मुदतबाह्य होता, 4 टक्के थंडीने गोठून वाया गेला. उरलेल्यातला फक्त 30 टक्के माल सहज ओळखता येण्यासारखा होता आणि आणीबाणीत उपयोगी पडेल असा 42 टक्के. पाठवणाऱ्यांची कळकळ खरीच होती. पण खोक्यात काय आहे याची यादी नाही, वेष्टनावरची भाषा तिथल्या डॉक्टरला वाचता येत नाही, आणि मागितले कोणी होते हे कोणालाच ठाऊक नाही. पुढे 1996 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या देणग्यांसाठी मार्गदर्शक नियम काढले. गरज कळल्याशिवाय पाठवू नका, पोहोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक असू द्या, तिथल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांना समजेल अशा भाषेत नावे लिहा, प्रत्येक खोक्यासोबत आतल्या मालाची यादी द्या. यातला एकही नियम पाळायला डॉक्टर लागत नाही. नीट काम करणारा कारकून लागतो.

वेबिल हा कागद बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. ट्रक गोदामातून निघताना त्यावर काय चढवले, किती नग, कोणत्या अवस्थेत, हे त्यावर लिहिलेले असते. गोदामपाल सही करतो, चालक सही करतो, आणि पोहोचल्यावर माल उतरवून घेणारा स्वतः मोजून सही करतो. प्रती वेगवेगळ्या हाती राहतात. 400 पोती निघाली आणि 394 उतरली, तर मधल्या 6 पोत्यांचा जाब कोणाला विचारायचा ते या कागदावरून कळते. ती फुटली असतील, भिजली असतील, नाक्यावर कोणी उतरवून घेतली असतील. पण ‘अंदाजे 400 पोती पाठवली’ एवढेच माहीत असेल, तर ती 6 कधी गेलीच नाहीत असे होते. पुढच्या खेपेला 6 ची 60 होतात. गोदामात दर थप्पीला एक कार्ड टांगलेले असते, त्यावर आवक, जावक आणि शिल्लक. महिन्याअखेरी, आणि शहाणा गोदामपाल असेल तर दर आठवड्याला, कार्डावरचा आकडा आणि थप्पीतली पोती पडताळली जातात. मी बरसात अंगावर घेत, ताडपत्रीखाली टॉर्च धरून हे काम करणारी माणसे पाहिली आहेत. त्यांना कोणी ‘ऑफिसातले’ म्हणून नाके मुरडली की मला फार वाईट वाटते.

रोख रकमेचेही तसेच. हल्ली जिथे बाजार चालू असतो तिथे वस्तूंऐवजी पैसे देण्याकडे कल आहे आणि तो मला पटतो, कारण आपल्या घराला काय हवे ते त्या घरातल्या माणसालाच कळते. पण ‘पैसे थेट खात्यात, मग कारकून कशाला?’ हा समज चुकीचा आहे. खाते कोणाचे, फोन कोणाच्या नावावर, पाठवलेली रक्कम पोहोचली की परत आली, परत आली असेल तर का, हे दर फेरीला ओळीओळीने जुळवावे लागते. जिचा फोन दिराच्या ताब्यात आहे त्या विधवेला पैसे पोहोचले असे कॉम्प्युटर बेलाशक सांगतो.

आणखी एक गोष्ट जवळून पाहिलेली. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर पांढरा फळा असे. गाडीचा नंबर, चालकाचे नाव, सोबत कोण, कुठे, कधी निघाले, कधी पोहोचायला हवे, वायरलेसवर शेवटचा संपर्क कधी झाला. बाहेर पडलेल्या प्रत्येक गाडीने ठरावीक वेळाने आवाज द्यायचा आणि वायरलेससमोर बसलेल्याने ती वेळ फळ्यावर टाकायची, असा शिरस्ता. एका संध्याकाळी पावसात सगळ्यांची आवराआवर चालू होती. वायरलेसवरच्या मुलाला एका ओळीतला शेवटचा रकाना रिकामा दिसला. त्याने हाक मारली, उत्तर नाही. पाच मिनिटांनी पुन्हा मारली. मग त्याच वाटेवरच्या दुसऱ्या गाडीला विचारले, तिलाही ती गाडी दिसलेली नव्हती. तो सरळ प्रमुखांच्या बैठकीत शिरला आणि म्हणाला, गाडी हरवली आहे. शोधायला माणसे गेली तेव्हा कळले की रस्त्याची कड खचून गाडी खाली कलंडली होती. चालक आणि एक नर्स, दोघेही जखमी आणि जिवंत. त्या फळ्यासमोर कोणी नसते तर सकाळपर्यंत कोणाच्या लक्षातही आले नसते. या मुलाच्या पगारावर पैसा घालवू नका, असे पत्रलेखक कळत नकळत सांगत आहेत.

पत्रलेखकांना खरी भीती आहे ती भ्रष्टाचाराची. तीच मलाही आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. पैसा आणि माल सांभाळण्याचा जुना नियम असा, की मागणी करणारा, खरेदी करणारा, माल मोजून घेणारा आणि पैसे चुकते करणारा अशी वेगवेगळी माणसे हवीत. तीन ठिकाणची कोटेशने, खरेदीसमितीची सही, मालपावती, व्हाउचर, रोकडवही, हे सगळे त्यासाठी. आता ऑफिसवर शून्य खर्च करायचे म्हटले की ही चारही कामे एका उत्साही कार्यकर्त्यावर येऊन पडतात. तो प्रामाणिक असेल तर थकतो आणि त्याचे हिशेब तुंबतात. प्रामाणिक नसेल तर त्याला अडवणारा कोणी उरत नाही. म्हणजे चोरी थांबावी म्हणून केलेली मागणी चोरालाच रान मोकळे करून देते.

आणि नुसती पैशाची चोरी असती तरी एक वेळ चालले असते. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था आणि मुलांसाठी काम करणारी सेव्ह द चिल्ड्रन यांनी पश्चिम आफ्रिकेत, गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत केलेली पाहणी 2002 साली प्रसिद्ध झाली. मदत वाटणाऱ्यांपैकीच काही जण धान्य आणि इतर मदतीच्या मोबदल्यात निर्वासित मुलींचे लैंगिक शोषण करत असल्याच्या तक्रारी तिच्यातून जगापुढे आल्या. अंगावर काटा येतो. असे कशामुळे घडू शकते, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. यादीत नाव घालणारा आणि पिशवी देणारा एकच माणूस असतो, त्याच्या हातातला कागद दुसरे कोणी तपासत नाही, आपल्याला किती मिळायला हवे हे त्या मुलीला कोणी सांगितलेले नसते, आणि तक्रार करायची तर ती त्याच्याकडेच. हे घडू नये यासाठीचे उपायही कागदाचेच आहेत. वाटपाच्या जागी प्रत्येकाचा हक्काचा वाटा मोठ्या अक्षरांत आणि चित्रांत लिहिलेला फलक, नोंदणी करणारे आणि वाटप करणारे वेगळे, दोन्हीकडे बायका, वाटपाशी ज्यांचा संबंध नाही अशांच्या ताब्यात तक्रारींची नोंदवही, आणि भरती करताना मागच्या ठिकाणी फोन करून केलेली चौकशी. तो चौकशीचा फोन कोणी तरी करावा लागतो. मनुष्यबळ विभागात माणूस ठेवला नाही, म्हणून तो फोन न करताच नेमणुका झालेल्या मी पाहिल्या आहेत.

बैठकांबद्दलही लिहायला हवे, कारण ‘नुसत्या मीटिंगा’ हा लोकांचा आवडता टोमणा आहे. 2005 पासून संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने मदतकार्य विषयवार गटांत विभागून चालते. पाणी, निवारा, आरोग्य, पोषण असा एकेक गट, आणि प्रत्येक गटाच्या बैठकीत कोणती संस्था कुठे काय करते हे समोर ठेवले जाते. हे झाले नाही तर रस्त्यालगतच्या गावात पाच संस्था ब्लँकेटे घेऊन येतात आणि डोंगरापलीकडच्या गावात एकही जात नाही. 12 जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर हैतीत अशा बैठका राजधानीच्या विमानतळाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या तळावर भरत. भाषा बहुतेक इंग्रजी. तिथली माणसे बोलतात क्रिओल, सरकारी कामकाज फ्रेंचमध्येही चालते. फाटकावर ओळखपत्राची अडचण. ज्यांना आपली गल्ली न् गल्ली माहीत होती अशा स्थानिक संस्था पुष्कळदा बाहेरच राहिल्या. एक दुभाषा, फाटकावर देण्यासाठी नावांची यादी, आणि बैठकीचे इतिवृत्त त्याच संध्याकाळी स्थानिक भाषेत, एवढ्याने बराच फरक पडला असता. हे तिन्ही आस्थापना खर्च आहेत.

यावरून मूळ दुखण्याकडे येते. संकटात पहिल्या दिवशी धावून जातात त्या तिथल्या छोट्या संस्था, आणि प्रशासकीय खर्चाची कात्री त्यांच्यावरच सगळ्यांत जोरात चालते. मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांना अनेक देणगीदारांकडून साधारण 7 टक्के अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे ऑफिस चालवण्याचा खर्च, मिळतो. त्या मोठ्या संस्थेने काम पुढे स्थानिक संस्थेवर सोपवले की तिला मात्र कित्येकदा फक्त कामापुरते पैसे. भाडे, हिशेबनीस, ऑडिट, वीज, संस्थेने आपले आपण पाहावे. 2016 साली इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी करार केला की 2020 पर्यंत मदतनिधीतले किमान 25 टक्के शक्य तितक्या थेट स्थानिक संस्थांकडे जावेत. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. कारण विचारले की उत्तर मिळते, स्थानिक संस्थांची हिशेब ठेवण्याची क्षमता कमी पडते. हिशेबनिसाचा पगार मंजूर करायचा नाही आणि हिशेब कच्चा म्हणून निधी नाकारायचा, हा अन्याय आहे. याविरुद्ध कोणीतरी मोठ्याने बोलायला हवे.

माणसांच्या बाबतीतही हाच अन्याय. चालक, गोदामपाल, हमाल, दुभाषे, नोंदणी करणाऱ्या मुली, ही बहुतेक माणसे आपत्ती आली तिथलीच. त्यांचीही घरे पडलेली असतात, त्यांच्याही घरात सुतक असते. त्यांचे करार महिना-दोन महिन्यांचे. मदतकार्यात जीव गमावणाऱ्यांत बहुसंख्य असतात ती अशी त्याच देशातली माणसे, आणि विमा किती जणांचा उतरवला आहे हे बघायला गेले की फाइल सापडत नाही. मी ज्या कामांत होते तिथे दर शनिवारी रोजंदारीच्या हजेरीपटाप्रमाणे पैसे वाटायचे असत. सुट्या नोटा आधी मोजून पाकिटांत भरायच्या, पाकिटावर नाव आणि दिवस, समोर मोजून द्यायचे, मग अंगठा किंवा सही. एका शनिवारी निधीचा हप्ता वरून आला नाही. ‘प्रशासकीय मथळ्यात शिल्लक नाही’ असे कळवले होते. दिवसभर ढिगारा उपसलेल्या माणसांना मला सोमवारी या म्हणून सांगावे लागले. त्यांच्यातल्या एकाने विचारले, ‘बाई, सोमवारपर्यंत पोरांना काय सांगू?’ मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही.

उधळपट्टीचे समर्थन मी करत नाही. विनाकारण आलिशान गाड्या, हॉटेलांतल्या कार्यशाळा, कोणी न वाचणारे चकचकीत अहवाल, हे बंदच व्हायला हवे, आणि तिथे पत्रलेखकांच्या बरोबरीने मी आवाज उठवीन. पण सगळा प्रशासकीय खर्च एका आकड्यात गोळा करून ‘जितका कमी तितकी संस्था चांगली’ असे ठरवले, तर उधळ्या संस्था तो खर्च दुसऱ्या मथळ्यात लपवायला शिकतात आणि सरळ संस्था खरोखरच माणसे कमी करतात. कमी झालेला असतो तो गोदामपाल.

देणगी देऊ इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे आहे की पैसे देताना ‘फक्त वस्तूंसाठी वापरावेत’ अशी अट घालू नका. गरजेप्रमाणे वापरा, म्हणून द्या आणि नंतर हिशेब मागा, अगदी खनपटीला बसून मागा. जुने कपडे आणि घरातली उरलेली औषधे पाठवू नका, ती निवडायला आणि नष्ट करायला माणसे गुंतून पडतात. स्वयंसेवक म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांपैकी ज्यांना हिशेब येतो, स्प्रेडशीट येते, दोन-तीन भाषा नीट लिहिता-बोलता येतात, किंवा ज्यांनी स्टोअर सांभाळले आहे, त्यांनी अर्जात ते सगळ्यांत वर लिहावे. निवृत्त बँक कर्मचारी, शाळांतले लेखनिक, रुग्णालयांच्या नोंदणीखिडकीवर वर्षे काढलेल्या भगिनी यांची मदतकार्यात नितांत गरज असते, आणि आपला काय उपयोग, या समजुतीने तीच माणसे घरी बसतात. मात्र निघण्याआधी संस्थेशी बोलून, बोलावले तरच जावे. न कळवता पोहोचलेल्या माणसाला झोपायला तंबू आणि प्यायला पाणी आपद्ग्रस्तांच्याच वाट्यातून द्यावे लागते.

आणि संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती. मोठे संकट आले की आपले वृत्तपत्र निधीची आवाहने छापते, ते फार मोलाचे काम आहे. त्या आवाहनात ‘प्रशासनावर एकही पैसा खर्च होणार नाही’ अशी ओळ आली, तर ती छापण्याआधी त्या संस्थेला एवढे जरूर विचारावे: आपद्ग्रस्तांची यादी कोण करणार, गोदामाचा हिशेब कोण ठेवणार, वाटपाबद्दल तक्रार असेल तर आपद्ग्रस्तांनी ती कोणाकडे करायची, आणि या माणसांचा पगार कुठून येणार? उत्तरे आली तर आवाहनाच्या शेजारीच छापावीत.

कळावे,
आपली विश्वासू,
मदतकार्यातील एक निवृत्त प्रशासन सहायक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)